नमुना सही

रिपोर्ट मोबाईलवर आला जेवणाच्या सुट्टीत,
डब्यातली भेंडी अर्धी उरलेली असताना.
नाव बरोबर, वृंदा किणी. वय बरोबर, सत्तेचाळीस.
टी-फोर ठीक.
टीएसएच पाच पूर्णांक एक,
दाराबाहेर चपलेचं टोक राहावं तेवढाच मर्यादेबाहेर.
आणि त्याखाली ठळक काळ्यात
अँटी-टीपीओ सहाशे बारा.
शेजारी बारीक अक्षरांत: चौतीसच्या आत असावे.

मी आकड्यांतली बाई आहे.
रोजकीर्दीत एवढा फरक निघाला असता
तर माहीम शाखेतलं कुणी घरी गेलं नसतं त्या रात्री.

देसाईबाई म्हणाल्या, कोबी बंद कर.
त्यांच्या नणंदेचंही असंच झालं होतं.
कसं, ते सांगेपर्यंत सुट्टी संपली.

संध्याकाळी सिटीलाईटच्या मागे,
मासळीच्या वासातून वर जाणारा जिना.
डॉक्टर मुकादम माझ्या पाठीमागे उभ्या राहिल्या,
दोन्ही हातांची बोटं माझ्या गळ्यावर.
घोट घे, म्हणाल्या. अजून एक.
मग खुर्चीत बसून त्यांनी सहाशे बाराभोवती
पेनाने गोल केला, आणि तोच खोडला.
हा वजनकाटा नाही गं.
दोनशेवाल्यापेक्षा तू तिप्पट आजारी, असं नसतं.
यातून एवढंच कळतं की कुठेतरी ओळख चुकतेय.
तुझ्याच रक्ताने तुझ्याच ग्रंथीला
परकं ठरवलंय.

मी हसले.
त्यांना वाटलं, बाई धीराची आहे.

मला तांडेल आठवले होते.
कोळीवाड्यातले बाळकृष्ण तांडेल,
पासबुकालाही सुक्या बोंबलाचा वास.
मी तेव्हा नवी, काउंटर तीनवर,
दिवसभर चेकवरची सही आणि कार्डावरची सही,
हिचा फाटा, तिचा फाटा.
त्यांच्या त-ची शेपटी गळासारखी वळायची.
मग अर्धांगाचा झटका आला,
आणि गळ सरळ झाला, वाकडा झाला, रेघेबाहेर गेला.
तीन वेळा मी चेक परत केला.
सही जुळत नाही.
तिसऱ्या वेळी उजवा हात डाव्या हातात धरून
ते स्वतः समोर उभे राहिले.
मीच हाय गो बाय, म्हणाले.

मी कार्डाकडे बघत होते.

माझं चुकलं नव्हतं, हेच तर.
मला त्या महिन्यात शाबासकी मिळाली होती.
आणि आता माझ्या गळ्यात, कोण जाणे किती वर्षं,
असंच कुणीतरी बसलंय, चोख, वेळेवर येणारं,
हातात जुनं कार्ड घेऊन,
जे समोर येईल ते परत पाठवतंय.
त्याच्यावर रागवू तरी कशी?

गोळी आत्ता नको, डॉक्टर सांगत होत्या.
सहा महिन्यांनी टीएसएच बघू.
काहींचं वर्षानुवर्षं असंच राहतं,
काहींना पुढे गोळी लागते, रोज सकाळी एक, बस.
अँटीबॉडी मात्र पुन्हा पुन्हा तपासत बसू नकोस,
तो आकडा खालीवर होत राहील, पैसे तेवढे जातील.
आणि कोबी?
कोबी खा.

जिन्यात मधेच थांबले. खाली कुणीतरी
बर्फाची पाटी ओतत होतं.

तांडेलांचं शेवटी नवं कार्ड केलं आम्ही, अंगठ्याचं.
साहेबांनी सही दिली, शाई मी लावली.
जड अंगठा, त्यांना स्वतःहून टेकवता येईना,
मीच धरून दाबला कागदावर.
गार होता.

रात्री बेसिनच्या आरशासमोर
पेल्यातून एक घोट घेतला, मान जराशी मागे.
माझ्या अंगठ्याखाली काहीतरी वर सरकलं,
थांबलं,
आणि आपल्या जागी परत आलं.